वाचक विचारतात : पाठमोरं बसून पुलाखालून

प्रश्न : ताई नमस्कार, मी सीओईपीचा, बोट क्लबला तुमच्यानंतर पाच-सहा वर्षांनी होतो. आता बोस्टनजवळ असतो, वय 46. चार वर्षांपूर्वी इथे परत स्कलिंग (दोन हातात दोन वल्ही) चालू केलं आणि यंदा लॉटरीत नंबर लागला, हेड ऑफ द चार्ल्स, म्हणजे इथल्या चार्ल्स नदीवरची मोठी रोइंगची रेस, मास्टर्स सिंगल (मोठ्या वयाच्यांचा गट, बोटीत एकटाच)! सगळे अभिनंदन करतायत आणि मला झोप येत नाहीये. अर्गवर (रोइंग मशीनवर) टायमिंग बरं येतं, दमाचं टेन्शन नाही, पण एवढे पूल, एवढी वळणं, मागून येणारे लोक, आणि आपण बसलेलो उलटे. काय करू सरळ सांगा.
– एक पुणेकर, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : अरे वा! ज्युनियर आहेस म्हणून अरे-तुरे करते, चालेल ना. अभिनंदन, आणि लगेच एक शिवी पण घे, कारण "दमाचं टेन्शन नाही" म्हणणारा माणूस हमखास पहिल्याच पुलाखाली दम घालवून बसतो. बेसिनमध्ये, म्हणजे स्टार्टच्या आधीच्या रुंद पाण्यात, गार वाऱ्यात थांबून थांबून हातपाय आखडलेले असतात, मग पुढे सरका पुढे सरका करत मार्शल तुला आत घेतो, चालत्या बोटीवरच स्टार्ट, बीयू ब्रिजवर माणसं ओरडतायत, आणि तुझा रेट (मिनिटाला किती स्ट्रोक) 34 ला गेलेला तुला कळत पण नाही. रिव्हर स्ट्रीटचा पूल येईपर्यंत मांड्यांचे दगड. 28 वर ये आणि तिथेच रहा, तीन मैल आहेत बाबा, 4.8 किलोमीटर. ऑलिंपिकची दोन हजार मीटर सिंगल साधारण सात मिनिटांत संपते, तुला वीस-बावीस मिनिटं काढायचीयत.

आता मुद्द्याचं. तुझ्या वयाची बहुतेक मंडळी तुझ्याएवढीच तयार असतात. ही रेस हरतात ती मानेवर. आपण बोट क्लबला शिकलो तेव्हा मागे बघणं म्हणजे कमीपणा वाटायचा, बॅलन्स जाईल म्हणून कोणी बघायचं नाही, आणि नदीत जलपर्णी सोडून आपल्याला धडकायला होतं तरी काय. इथे तसं नाही. हिशोब कर ना, 22 मिनिटांत 4.8 किलोमीटर आणि 28 चा रेट, म्हणजे एका स्ट्रोकला बोट जवळजवळ आठ मीटर जाते. पाच स्ट्रोक न बघता मारलेस की चाळीस मीटर आंधळा गेलास. आणि इथे एकेकाला सोडतात, तुझ्या पुढचा सुटलाय तुझ्या फक्त पंधरा सेकंद आधी.

म्हणून आत्तापासून रोजच्या प्रॅक्टिसला दर चार-पाच स्ट्रोकला एकदा बघायचंच, एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. कधी बघायचं तर स्ट्रोकच्या शेवटाला, ब्लेड अजून पाण्यात असताना, तेव्हा बोट स्थिर असते. सरकत पुढे येताना मान वळवलीस की एक हात वर एक हात खाली आणि मग काय होतं ते तुला माहितीये. टोपीला लावायचा छोटा आरसा मिळतो तो घे हवा तर, मी वापरते, पण आरशात अंतराचा अंदाज चुकतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

सरळ पट्ट्यात मागे बघण्यापेक्षा समोर बघ, म्हणजे जे मागे पडतंय ते. पॉवरहाउसचा जो लांब पट्टा आहे तिथे ज्या कमानीतून आलास ती कमान बोटीच्या शेपटीवर बरोबर मधोमध ठेवायची. शेपूट कमानीतून सरकायला लागली की नाक पण सरकलंय. हे एवढं जमलं तरी वीस टक्के काम झालं (टक्के माझ्या मनचे, पण खोटे नाहीत).

आता वीक्स ब्रिज. माझी फजिती सांगते म्हणजे तुझी होणार नाही. पहिल्या वर्षी मला सगळ्यांनी सांगितलं होतं की वीक्सला डावीकडे जोरदार वळण आहे. मी डोक्यात पक्कं केलं, डावीकडे, डावीकडे. पूल आला, दम संपलेला, मेंदूला रक्त नाही, आणि मी आपली माझ्या डावीकडे बोट वळवायला उजवा हात जोरात ओढला. अगं बाई! डावीकडे म्हणजे बोटीच्या डावीकडे, आणि बोटीची डावी म्हणजे उलट्या बसलेल्या माझी उजवी. नाक गेलं थेट केंब्रिजच्या काठाकडे. पुलावरचे लोक एकदम गप्प झाले ते अजून आठवतं, ओरडणारी माणसं अशी गप्प झाली की समजायचं काहीतरी भयंकर चाललंय. मी तीन बोयांच्या (रेसची हद्द दाखवणारे तरंगते गोळे) बाहेरून गेले, एका बोयाला दहा सेकंद पेनल्टी, म्हणजे बसल्या जागी तीस सेकंद. वल्ह्याचं पातं बोयावरून गेलं तर चालतं हां, बोटीचं अंग आत पाहिजे.

दुसऱ्या वर्षी फूटबोर्डवर दोन बुटांच्या मधे पांढरी टेप चिकटवली आणि मार्करनी लिहिलं, "वीक्स डावा, एलियट डावा". हात, दिशा नाही. दोन्ही मोठी वळणं बोटीच्या डावीला आहेत, म्हणजे दोन्हीकडे डाव्या हाताने जास्त ओढायचं आणि उजवा नुसता सोबतीला. वीक्सला पुलाच्या आधीच वळायला लागायचं, पुलाखाली पोचून वळू म्हणालास तर उशीर झाला, कारण लगेच पुढे अँडरसन ब्रिज येतो आणि तोपर्यंत बोट सरळ झालेली पाहिजे. एलियट ब्रिजचं वळण त्याहून लांब, संपतच नाही, डावा खांदा जळतो, बाहेरच्या अंगाला केंब्रिज बोट क्लबची गर्दी आणि त्यात कोणीतरी तुझ्या मागे येऊन ओरडणार. मागून येणारा जी बाजू मागेल ती द्यायची, हा नियम आहे, इगो काठावर ठेवून यायचं. न दिल्यास पेनल्टी आहेच, आणि धडकलास तर दोघांची रेस गेली.

हातांचं पण बघ. ऑक्टोबरमधली सकाळ, आणि डावा हात उजव्याच्या वरून जातो तिथे डाव्याची नखं उजव्याच्या बोटांना घासतात, थंडीत ती कातडी लगेच फाटते. आदल्या दिवशी नखं काप, हसू नकोस. आणि पोगी घे, ती पिशवी वल्ह्याच्या मुठीवर चढवतात आणि हात आत घालतात, पकड मुठीवरच राहते. साधे हातमोजे घालून सिंगल मारू नकोस, मूठ कळतच नाही.

तिथे गेवी स्टोनचं नाव काढलंस तर कोणीही गप्पा मारायला थांबेल, रिओ ऑलिंपिकला 2016 मध्ये सिंगलचं सिल्व्हर, शिक्षणाने डॉक्टर, आणि ही नदी तिच्या घरची. आपला दत्तू भोकनळ पण त्याच रिओत सिंगलमध्ये तेरावा आला होता, चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा पोरगा, घरी विहिरी खोदायचं काम. तुझ्या क्लबातल्या लोकांना सांग.

प्रश्न : आमच्या सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, सगळ्या होड्या एकदम सुटतात आणि जो पुढे तो जिंकला, बघणाऱ्याला पण कळतं. तुम्ही मागच्या अंकात लिहिलं की परदेशात एकेकाला पंधरा सेकंदांनी सोडतात. ही कसली शर्यत?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, तुमचं म्हणणं मला पटतं, बघायला मजा सांगलीचीच. पण नदी अरुंद, वळणं भरपूर आणि एका गटात चाळीस-पन्नास बोटी, सगळ्या एकदम सोडल्या तर पहिल्याच पुलाखाली लाकडाचा ढीग होईल. म्हणून घड्याळावर. ही पद्धत रुजवली लंडनमध्ये स्टीव्ह फेअरबेर्न नावाच्या कोचनी, 1926 साली, हेतू असा की हिवाळ्यात पोरांनी लांब पल्ल्याचा सराव करावा. तिथे मॉर्टलेक ते पटनी सव्वाचार मैल जातात, ओहोटीच्या पाण्याबरोबर. पहिला आला तो नदीचा "हेड".

पण तुमच्या पसंतीची पण एक आहे तिकडे. डॉगेट्स कोट अँड बॅज, 1715 पासून चालू आहे, लंडन ब्रिज ते चेल्सी, साडेसात किलोमीटरच्या आसपास, सिंगलच. नुकतेच नावाड्याचं लायसन मिळालेले पोरं त्यात उतरतात, एका वेळी जास्तीत जास्त सहा, आणि सगळे एकदम सुटतात. जो पुढे तो जिंकला! बक्षीस म्हणजे लाल कोट आणि दंडावर लावायचा ताटलीएवढा चांदीचा बिल्ला. सुरू केली एका नटाने, थॉमस डॉगेट त्याचं नाव. आपल्याकडे नटांनी एवढं नदीसाठी केलेलं मला तरी आठवत नाही, तुम्हाला सांगलीतलं कोणी माहीत असेल तर जरूर कळवा, नाट्यपंढरी आहे तुमची.