बरगंडी तीन आठवड्यांत का उतरला?

प्रश्न: ताई, मागच्या महिन्यात सलूनमध्ये केसांना बरगंडी कलर करून घेतला, पहिला आठवडा इतका मस्त दिसत होता की विचारू नका, पण आता तीनच आठवड्यांत नुसता फिकट तांबूस झालाय. सल्फेट-फ्री शॅम्पू आणला तरी धुताना लाल पाणी जातंच. जिममुळे एक दिवसाआड केस धुवावे लागतात. आता शॅम्पू बदलू की सगळे केस परत कलर करून घेऊ?

उत्तर: अगं, दोन्ही नको. शॅम्पू चांगलाच आहे तुझा, पण रंग घालवतं ते मुख्यतः पाणी. केस भिजला की फुगतो, त्याच्यावरचे बारीक खवले उघडतात आणि आतला रंग थोडा थोडा सुटून बाहेर येतो, पाणी गरम असेल तर अजूनच, त्यामुळे शॅम्पू कितीही भारी आणला तरी एक दिवसाआड डोकं भिजवलं तर रंग टिकणार कसा? त्यात लाल छटा तशाही सगळ्यात आधी उतरतात, आणि कलरच्या आधी केस ब्लीच केले असतील तर ते रंग पटकन घेतात आणि तितक्याच पटकन सोडतात.

म्हणजे खरा प्रश्न जिमचा आहे. घाम आला म्हणून दर वेळी शॅम्पू लागत नाही गं! केस वर बांधून जा, आल्यावर मुळाशी ड्रायरची थंड हवा दे, फारच चिकट वाटलं तर थोडा ड्राय शॅम्पू, आणि धुणं आठवड्यातून दोनदावर आण, माझ्या मते एवढ्यानेच सगळ्यात जास्त फरक पडेल. धुताना पाणी कोमट, फेस फक्त टाळूला, लांबीला चोळायचं नाही, खाली येणारा फेस पुरतो. कंडिशनर मात्र प्रत्येक वेळी, कारण तो किंचित आम्लधर्मी असतो, उघडलेले खवले परत बसतात. कोंड्याचे शॅम्पू आणि बेकिंग सोड्याचे घरगुती प्रयोग रंग भराभर ओढून काढतात, कोंडा असेल तर तो शॅम्पू फक्त टाळूपुरता ठेव.

उन्हात स्कार्फ बांध. पोहायला जात असशील तर आधी साध्या पाण्याने केस भिजव, म्हणजे क्लोरीनचं पाणी आत कमी शिरतं. स्ट्रेटनर १८० डिग्रीच्या वर नको आणि ओल्या केसांवर तर कधीच नको.

आता उतरलेल्या रंगाचं काय, तर लाल छटेचा कलर मास्क मिळतो, तो आठवड्यातून एकदा लाव, आधी आतल्या एका बटेवर लावून बघ. सगळे केस परत कलर करू नको असं म्हणते कारण तोच पर्मनंट कलर लांबीवर परत परत लावला की केस अजून पोकळ होतात आणि पुढचा रंग याहूनही लवकर उतरतो. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी फक्त मुळांचा टच-अप करून घे आणि लांबीसाठी बिनअमोनियाचा ग्लॉस, म्हणजे छटा आणि चमक परत आणणारा हलका, तात्पुरता रंग, माग, खुर्चीत बसायच्या आधीच स्पष्ट सांग, नाहीतर घाईत सगळीकडे एकच कलर फिरवला जातो.