अंजर्ल्याच्या होमस्टेला वेबसाईट हवी का, आणि हवी तर किती रुपयांची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. अंजर्ल्याला तुमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, नवरा-बायको दोघं मिळून चालवता, खोलीचा भाव सरासरी २,५०० रुपये रात्र. गेल्या वर्षी २३० रात्री भरल्या, त्यातल्या १४० बुकिंग पोर्टलवरून आल्या आणि पोर्टल १८ टक्के कमिशन कापतं म्हणून आता स्वतःची वेबसाईट काढायची आहे. समोर तीन रस्ते आहेत. पुण्यातली एजन्सी ६५,००० अधिक जीएसटी मागतेय आणि दुसऱ्या वर्षापासून १२,००० मेंटेनन्स. मोबाईलवर जाहिरात दिसलेला वेबसाईट बिल्डर, म्हणजे तयार साच्यांतून आपली साईट आपणच बनवायची ऑनलाईन सेवा, महिना २४९ म्हणतोय. आणि भाचा म्हणतोय मामी, वर्डप्रेसवर मी फुकट करून देतो. पैसे १ लाखाच्या एफडीतून काढायचे, तर ती मोडू का, असं विचारलंत.

एफडी मोडू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की घरात हातात असलेले एवढेच पैसे आहेत, बाकी सगळं बांधकामात गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगड भागात पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तिथे होतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. कोकणात चार खोल्यांचं छप्पर ज्याच्या डोक्यावर आहे त्याची एफडी म्हणजे त्या छपराचा पैसा, तो वेबसाईटला नाही लावायचा. शिवाय मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली तेवढ्याचाच दर मिळतो आणि वर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का दंड कापतात. वेबसाईट करायची तर ती सीझनच्या कमाईतून, आणि तेवढ्यात बसेल अशीच.

आता हिशोब करू. वेबसाईट किती रुपयांची हे न बघता किती रात्रींची हे बघा, तुमच्या धंद्यात तेच माप आहे. २,५०० वर १८ टक्के म्हणजे ४५० रुपये कमिशन, त्या कमिशनवर परत १८ टक्के जीएसटी ८१ रुपये, म्हणजे पोर्टलवरून आलेल्या एका रात्रीमागे ५३१ रुपये जातात. पोर्टलवरची एक रात्र थेट तुमच्याकडे वळली तर हे ५३१ वाचले, वेबसाईटची कमाई म्हणजे एवढीच.

एजन्सीचं बघा. ६५,००० वर जीएसटी धरून ७६,७००. मग दोन वर्षांचं मेंटेनन्स जीएसटीसकट २८,३२०. तीन वर्षांचे मिळून १ लाख ५ हजार २० रुपये. याला ५३१ ने भागलं तर साधारण १९८ रात्री, वर्षाला ६६. म्हणजे पोर्टलवरच्या १४० पैकी जवळपास निम्म्या रात्री दरवर्षी, तीन वर्षं सलग, थेट तुमच्याकडे वळल्या तर तुम्ही शून्यावर याल. फायदा नाही हां, नुसतं शून्य. तुम्ही जीएसटीत रजिस्टर नाही आहात त्यामुळे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावटही मिळणार नाही, तो सगळा खर्चच.

एजन्सीवाल्यांनी तुम्हाला सांगितलंय की हा खर्च टॅक्समधून पूर्ण वजा होतो. तुमच्या बाबतीत याला काही अर्थ नाही. तुम्ही रिटर्न अनुमानित नफ्यावर भरता, त्यात उलाढालीवर ठराविक टक्के नफा धरतात आणि वेगळे खर्च वजा करताच येत नाहीत, वेबसाईट केली काय नि न केली काय टॅक्स तेवढाच. आणि तुमची कमाई बघता नव्या करप्रणालीत तुम्हाला टॅक्स मुळात लागतच नाही, मग वाचणार काय?

बिल्डरचं वेगळं आहे. तुम्ही पैसे भरायच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवलात ते फार बरं केलंत. वरती मोठ्या अक्षरात २४९ महिना, आणि खाली बारीक अक्षरात की ३६ महिन्यांचे पैसे एकदम भरायचे. म्हणजे ८,९६४, त्यावर जीएसटी, झाले १०,५७७. डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, पहिलं वर्ष फुकट, पुढची दोन वर्षं तुम्ही भरायचं, त्यांनी वर्षाला १,२०० लिहिलेत. धरून चला १३,०००. याच्या होतात पंचवीस रात्री तीन वर्षांत, वर्षाला आठ-नऊ. हे जमण्यासारखं आहे. पण त्याच स्क्रीनशॉटमध्ये आणखी खाली बघा, रिन्यू करताना ६९९ महिना. म्हणजे चौथ्या वर्षापासून वर्षाला ९,८९८ रुपये जीएसटीसकट, एकोणीस रात्री. आणि उजवीकडे तीन चौकोनांत आधीच टिक मारून ठेवलीये, बॅकअप, ईमेल, आणि कसलं तरी एसईओ (गुगलवर वर दिसण्याचं) पॅकेज, ते तिन्ही काढले की बिल लगेच उतरतं. कुठलाही बिल्डर घ्या, वर्डप्रेस डॉट कॉम, विक्स, झोहो साईट्स, होस्टिंग कंपन्यांचे स्वतःचे बिल्डर, प्रत्येकाला हे दोन प्रश्न विचाराच: रिन्यूअल किती, आणि उद्या सोडून जायचं म्हटलं तर माझं सामान बरोबर नेता येतं का. विक्स शिकायला सोपं आहे, माऊसने ओढून कुठेही ठेवा, पण तिथे बांधलेली साईट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते. वर्डप्रेसचं नेता येतं. फुकट प्लॅनवर त्यांची जाहिरात आणि त्यांचंच लांबलचक नाव दिसतं, पण एखाद्या संध्याकाळी हात बसवायला तो प्लॅन उत्तम, पैसे भरायच्या आधी फुकटात एक पान स्वतः करून बघा आणि नवऱ्याच्या मोबाईलवर उघडा, तुमचं अर्धं काम तिथेच ठरेल.

आता भाचा. त्याचं मन मोडू नका, पण फुकट हा शब्द नीट समजून घ्या. तो म्हणतो ते वर्डप्रेस म्हणजे वर सांगितलेलं वर्डप्रेस डॉट कॉम नव्हे, हे सॉफ्टवेअर २००३ पासून खरंच फुकट आहे, मराठीतही चालतं, पण ते ठेवायला होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवर भाड्याची जागा लागते, तिचे पैसे दरवर्षी, आणि त्याचे प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, वेळच्या वेळी अपडेट केले नाहीत तर साईट हॅक होऊ शकते. शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा उद्या नोकरीला बंगळुरूला गेला की हे अपडेट कोण करणार? तुम्ही पहाटे चहापासून रात्री जेवणापर्यंत पाहुण्यांच्या मागे, तुम्हाला ते जमणार नाही आणि जमायची अपेक्षाही करू नये.

मग काय करायचं. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी सॉफ्टवेअरला शून्य रुपये दिले असते. गुगल मॅप्सवर धंद्याचं प्रोफाईल फुकट निघतं, बऱ्याचदा व्हिडिओ काढून पडताळणी मागतात, बोर्ड आणि खोल्या दाखवायच्या, झालं. तुमच्या गावच्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळाला आलेला माणूस राहायची सोय मॅपवरच शोधतो, त्याला तिथे तुम्ही दिसलात की निम्मं काम झालं. त्याच्या जोडीला गुगल साईट्सवर एक साधी साईट, ही पण फुकट, तिला स्वतःचं डोमेन जोडता येतं आणि खर्च फक्त डोमेनचा, डॉट इन घेतलंत तर वर्षाला हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे वर्षाला दोन रात्री. डोमेन जोडण्याची खटपट जरा किचकट असते, तेवढी भाच्याकडून करून घ्या आणि त्याच्या हातावर हजार-दोन हजार ठेवा, काम म्हणून, उपकार म्हणून नाही.

साईटवर फार काही लागत नाही. खोल्यांचे खरे फोटो, भाव, जेवणात काय मिळतं, दापोलीहून रस्ता कसा, कासव महोत्सवाच्या दिवसांत पहाटे किनाऱ्यावर किती वाजता निघायचं, आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचं बटण की दाबलं की थेट तुमच्याशी चॅट उघडेल. व्हिडिओ टाकू नका, घाटात रेंज जाते आणि पान उघडतच नाही. ऑनलाईन पेमेंटचा महागडा प्लॅनही नको, पेमेंट गेटवे, म्हणजे साईटवर कार्डाने पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या, साधारण दोन टक्के घेतात, त्यापेक्षा अ‍ॅडव्हान्स यूपीआयवर घ्या, जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला चार्ज नाही. वाचलेल्या पैशातून चार-पाच हजार एका बऱ्या फोटोग्राफरला द्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोली अंधारी दिसतेय आणि पलंगावर टॉवेल तसाच पडलाय, आणि त्याच खोलीच्या खिडकीतून माड दिसतात हे मला तुमच्या पत्रातून कळलं, फोटोतून नाही.

फुकटचा धोकाही सांगते. गुगलच्या याच धंद्याच्या प्रोफाईलमध्ये पूर्वी एक छोटी वेबसाईट फुकट मिळायची, मार्च २०२४ मध्ये त्यांनी ती बंद केली. ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं त्यांनी तेच नाव दुसरीकडे जोडलं, ज्यांनी गुगलने दिलेलं नाव कार्डावर छापलं होतं त्यांचं ते नाव गेलं. म्हणून सॉफ्टवेअर फुकट चालेल, नाव मात्र विकत घेतलेलं आणि तुमच्याच मालकीचं हवं.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगते कारण मी यात पोळलेय. २०१७ ला माझ्या ऑफिसची साईट एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतली, पैसे मी दिले पण डोमेन त्याने त्याच्या ईमेलवर घेतलं, मला तेव्हा कळतही नव्हतं की हे बघायचं असतं. दोन वर्षांनी रिन्यूअलच्या सूचना त्याला गेल्या, त्याने काम सोडलेलं, फोन लागेना, डोमेन सुटलं आणि कोणीतरी उचललं. माझ्या ५०० व्हिजिटिंग कार्डांवर छापलेल्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात उघडायला लागली. सत्तरीच्या एका क्लायंटने मला फोन करून विचारलं, मॅडम, तुम्ही हे काय सुरू केलंत? तो आवाज अजून कानात आहे. तर डोमेन घेताना तुमचं नाव, तुमचा ईमेल, तुमचा मोबाईल, आणि पासवर्ड पाहुण्यांच्या वहीत मागच्या पानावर नको, घरच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये लिहून ठेवा. एजन्सी असो, भाचा असो, यात सवलत नाही.

आणि एक गोष्ट जी वेबसाईट विकणारा कोणी सांगत नाही. वेबसाईट आपणहून पाहुणा आणत नाही. नवा पाहुणा पोर्टलवर नाहीतर मॅपवरच सापडणार, वेबसाईटचा उपयोग दुसऱ्यांदा येणाऱ्याला आणि त्याने ज्याला सांगितलं त्याला. म्हणून पोर्टल आत्ता बंद करू नका, ते तुमचं जाहिरातीचं बजेट समजा. पाहुणा निघताना त्याच्या हातात तुमचा नंबर आणि साईटचं नाव असलेलं कार्ड द्या, पुढच्या वेळी थेट फोन करा म्हणा. भाव कमी करायच्या आधी पोर्टलबरोबरचा करार वाचा, काही करारांत दुसरीकडे कमी भाव दाखवायला मनाई असते, पण थेट येणाऱ्याला एक वेळ उकडीचे मोदक वाढायला कुणाची मनाई नाही.

वहीत एक रकाना वाढवा, पाहुणा कुठून आला तो. वर्षभरात साईट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट आलेल्या रात्री पंचवीसच्या वर गेल्या तर खुशाल बिल्डरचा प्लॅन घ्या, तेव्हा तो तुम्हाला परवडतोय हे तुमच्या वहीतच दिसेल. दहाच्या आत राहिल्या तर गुगल साईट्सवरच थांबा. पैसे रुपयात भरता येतील असंच बघा, डॉलरमध्ये बिल आलं की कार्डवाले वर आणखी कापतात. कार्डावर ऑटो-पे दिलंत तर बँक पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज करते आणि १५,००० च्या आतल्या रकमेला मग ओटीपीही मागत नाही, तेव्हा तो मेसेज वाचायची सवय ठेवा, नको असेल तर तिथूनच मँडेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगी, रद्द करता येते.

डोमेन ज्या तारखेला घ्याल त्याच तारखेला ते दरवर्षी रिन्यू करायचं असतं. म्हणून जुलैमध्ये घेऊ नका, पावसात खोल्या रिकाम्या आणि हात पण रिकामे. दिवाळीची गर्दी उतरली की नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, तेव्हा दरवर्षी पैसे हातात असतील.