भाजीचे पैसे लग्नाच्या डब्यात का?

बीड जिल्ह्यातील एका आईचे पत्र आहे : ‘मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. दिवाळीच्या सुमारास आम्ही नवराबायको ऊसतोडीला जाणार. सासूबाई म्हणतात, वयात आलेली पोर माझ्याच्याने एकटीने सांभाळवणार नाही, जाण्याआधी तिचे हात पिवळे करा. ह्यांनी स्थळही पाहिले आहे. माझ्या मनाला पटत नाही, पण घरात माझे कोण ऐकतो? पोर गुणी आहे. शाळेआधी घरामागे भाजीपाला करते, जुड्या बांधून गल्लीत विकते. ते पैसे मी तिच्या लग्नासाठी डब्यात टाकते. मी काय करावे?’

ताई,

तुमचे कोणी ऐकत नाही, याचा विचार आपण नंतर करू. मी अडले ती त्या डब्यापाशी. लग्न मनाला पटत नाही असे तुम्ही म्हणता आणि पोरीने पहाटे उठून पिकवलेल्या मेथीचे पैसे त्याच लग्नासाठी साठवता. आईनेही हेच ठरवून ठेवले आहे असे तिला वाटत असेल, तर त्यात तिचे काय चुकले? मला राग येतो तो याचा, की हे लग्न टळावे म्हणून उपयोगी पडेल असे काम तुमच्या घरात ती एकटी करते आहे आणि ते तुम्ही केवळ गुणी पोरीचे कौतुक म्हणून एका ओळीत उरकले आहे.

ती परसबाग नीट पाहा. ऊस गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांना हीच थंडी मानवते. मेथी महिनाभरात काढणीला येते आणि न्हाणीचे पाणी वाफ्यांकडे वळवले तर एवढ्याशा बागेला ते बरेच दिवस पुरते. म्हणजे तुम्ही गावात नसता तेच महिने वाफे भरलेले असण्याचे आहेत, आणि दहावीची परीक्षाही त्याच महिन्यांत येते. रेशनच्या धान्याला घरची भाजी मिळाली की आजी-नातीचा बाजाराचा खर्च उतरतो, उरलेल्या जुड्यांतून वह्यापुस्तके निघतात, आणि मागे ठेवलेली मुलगी म्हणजे घरावर पडलेला भार, हे म्हणणे टिकत नाही.

सासूबाईंची भीती खोटी नाही. म्हातारीने एकटीने तरुण नातीची राखण करणे जड जाते, म्हणून शेजारची एखादी जाणती बाई रात्री सोबतीला येईल असे पाहा. परंतु लग्नाने पोर सुरक्षित होते, हे तुम्ही तरी मानू नका. उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, नवराबायकोच्या जोडीला मिळते, त्यामुळे पुढच्या हंगामात हीच पोर नवऱ्याबरोबर कोयता घेऊन फडात उभी असेल, कदाचित पोटुशीसुद्धा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली; तुमच्या जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. त्यांतल्या कितीतरी आयांच्याही मनाला ते पटले नसेल.

तेव्हा एकच करा, आणि ते या आठवड्यात करा. डबा, मुलगी आणि सासूबाई यांना घेऊन पोस्टात जा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. सारे पैसे तिच्या खात्यात भरा, पासबुक तिच्या हातात द्या आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगा, की हे पैसे शिक्षणाचे आहेत, लग्नाला यातला रुपया निघणार नाही आणि अठरा पूर्ण होईपर्यंत स्थळाची बोलणी होणार नाहीत. रक्कम किरकोळ असेल, तिने लग्नाचा खर्च अडणारही नाही; पण तुमचा नकार आजवर तुमच्या मनातच राहिला आहे, तो त्या दिवशी घराला कळेल.

तरीही त्यांनी तारीख धरली, तर २००६ च्या कायद्याने हा विवाह गुन्हा आहे आणि गावातील ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना गाठा किंवा १०९८ वर फोन करा. तो फोन तुम्ही करायचा आहे, पोरीवर सोडायचा नाही.