वसईची चर्चेस अजून मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतात का?

नाही, 22 मे 1998 रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या कारभाराखालचा भाग) झाला. थॉमस डाबरे पहिले बिशप. वसई खाडीच्या उत्तरेला डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्यापर्यंत त्याची हद्द आहे. इथला श्रद्धेचा वारसा पोर्तुगीज काळापासूनचा, पण उपासनेची भाषा मराठी, आणि हेच या धर्मप्रांताचं खरं बळ! नव्या वसाहतींमुळे इतर भाषांतल्या मिस्सांची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) गरज वाढते आहे; ती भागवताना मराठी मागे पडू नये, हे आजचं अवघड काम. मात्र वसई अजूनही मुंबई महाधर्मप्रांताच्या प्रांतमंडळात, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या प्रमुखत्वाखालच्या धर्मप्रांतांच्या गटात, मोडते. कारभार वसईच्या बिशपांकडेच. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर बिशप हाऊसला जाऊ नका, ज्या धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात) बाप्तिस्मा झाला तिथल्याच चर्चच्या कार्यालयात मागा.