टाकीत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही दर पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ येते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाव अडीच हजार वस्तीचं आहे, विहिरीवरून उंच टाकीत पाणी चढतं, जलसुरक्षक रोज पावडर टाकतो, तरीही जूनच्या शेवटाला जुलाब-उलट्यांची साथ ठरलेली. आणि आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो पावडरच बोगस, दुसरा म्हणतो विहीर बाद करा. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी आरोग्य सेवक आणि मग आरोग्य सहाय्यक म्हणून ३१ वर्षं काढली, त्यातले बरेच पावसाळे अशाच साथींत गेले. विहीर बाद करण्याआधी एक काम करा. गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळावर ओटी घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची थेंबांची चाचणी; नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टाकीजवळ नको, शेवटच्या नळावर.

हे का सांगतो ते ऐका. आमच्या भागातल्या एका गावात पहिल्या दिवशी ११ रुग्ण निघाले, तिसऱ्या दिवशी आकडा चाळिशीच्या वर गेला. टाकीखालच्या नळावर ओटी घेतली तर नळी चांगली पिवळी. जलसुरक्षक बिचारा प्रामाणिक माणूस, पण सगळं गाव त्याच्यावर तुटून पडलेलं. आशाताईंनी घरोघर फिरून रुग्णांची यादी केली होती. ती घेऊन आम्ही शाळेच्या फरशीवर खडूने गावाचा नकाशा काढला आणि ज्या घरात रुग्ण, तिथे एकेक चिंचोका ठेवला. जवळजवळ सगळे चिंचोके खालच्या आळीत जमले. वरच्या आळीला तेच पाणी, तीच पावडर, आणि तिथे दोनच.

खालच्या आळीच्या शेवटच्या घरी गेलो. पाण्याला दाब नाही म्हणून घरच्यांनी नळ जमिनीच्या खाली दीड-दोन फूट खड्ड्यात उतरवलेला, तोटी काढून टाकलेली. खड्ड्यात घोटाभर गढूळ पाणी, हातभर अंतरावर गटार. पाणी चालू असताना ओटी घेतली, नळीत रंगाचा मागमूस नाही. थोड्या वेळाने पुरवठा बंद झाला आणि नळातून गुरगुर आवाज आला. मी नळाच्या तोंडाला तळहात लावला तर तो आत ओढल्यासारखा चिकटला. हात काढला आणि बघत राहिलो. खड्ड्यातलं पाणी कमी होत होतं. नळ ते पीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी त्या आळीच्या हंड्यांत जाणार होतं.

आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि बाकीचे २३ तास पाइप रिकामा असतो. भरलेल्या पाइपला भोक असलं तर पाणी बाहेर गळतं. रिकामा होत जाणारा पाइप मात्र त्याच भोकातून बाहेरचं आत ओढतो. उन्हाळ्यात बाहेर कोरडी माती असते म्हणून निभावतं. पहिले दोन-चार मोठे पाऊस पडले की उघड्यावरची सगळी घाण वाहून गटारात, खड्ड्यांत, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये साचते, आणि नेमकी साथ तेव्हाच लागते. त्यात विहिरीचं पाणीही गढूळ झालेलं. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून मे महिन्यात पुरणारी पावडर जुलैत पुरत नाही.

पावडरबद्दलची शंका मात्र अगदीच खोटी म्हणू नका. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि पोतं उघडं पडलं, दमट जागी ठेवलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आम्ही बाद धरत असू. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड सुटलेलं पोतं दिसलं तर त्याचा नमुना आरोग्य केंद्रामार्फत प्रयोगशाळेत पाठवायला लावा. दुसरं, पावडर कोरडीच टाकीत झोकून देतात, ते चूक. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ठेवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. प्रमाण साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर पाणी सोडायचं नाही. लोक वासाची तक्रार करतात म्हणून जलसुरक्षक हात आखडता घेतो, हे मी कितीतरी गावांत पाहिलं. त्याला बोल लावण्याआधी त्याच्यावर हा दबाव कोण आणतं ते बघा.

ओटीची बाटली ग्रामपंचायतीत किंवा उपकेंद्रात मिळेल. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे आणि लगेच रंग बघायचा. दहा मिनिटांनी बघून पिवळं म्हणण्याला अर्थ नाही. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, ते प्यायचं नाही. आमच्याकडे नोंदवही असायची, तिच्यात रोज टाकीजवळची एकच ओळ. मी प्रत्येक गावात दुसरी ओळ घालायला लावली: शेवटचा नळ. ज्या दिवशी पहिल्या ओळीत पिवळा आणि दुसरीत पांढरा, त्या दिवशी फावडं घेऊन पाइपाच्या बाजूने चालायचं. त्या गावात आम्हाला तीन जागा सापडल्या. एक तो खड्डा, एक गटारातून गेलेला सांधा, आणि व्हॉल्व्हचं चेंबर, ज्यात गुडघाभर घाण पाणी होतं. व्हॉल्व्ह उघडणारा माणूस रोज त्यातच हात घालत होता.

सगळ्यात अवघड काम खड्डे बुजवण्याचं. तिथे वाद होतो, कारण खड्डा बुजवला की त्या घराला पाणी चढत नाही आणि त्या बाईला लांबून हंडे आणावे लागतात. तिच्यावर ओरडून काही होत नाही. वरच्या आळीतल्या मोटारी नळाला थेट जोडलेल्या असतील तर त्या आधी काढा, खालच्या आळीला वेगळ्या वेळी पाणी सोडा, मग खड्डा बुजवायला सांगा. आम्ही हा क्रम उलटा केला होता आणि आठ दिवसांत खड्डे परत खणले गेले.

ही फक्त खेड्याची गोष्ट आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना पुण्याची आठवण करून द्या. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात, मुख्यतः सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात, गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेच्या वर संशयित रुग्ण निघाले. त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही दिवसांनी हातापायांतली ताकद गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला, आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे गेला. मेळघाटात जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलऱ्याने माणसं दगावली. बिल थकलं म्हणून नळयोजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. म्हणून पाणीपुरवठ्याचं वीजबिल हासुद्धा आरोग्याचाच विषय आहे, तो ग्रामसभेत तसाच मांडा.

आता साथ चालू असेल तर पाइपाची दुरुस्ती होईपर्यंत घराघरात काय करायचं तेही सांगतो. पाणी उकळून प्या किंवा मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या औषधाचे) थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. तुरटी फिरवून पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. पाण्याच्या पिंपात हात जाऊ देऊ नका, दांड्याचं ओगराळं ठेवा. जुलाब सुरू झाले की पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आजी लोक "जुलाबात पाणी देऊ नका" म्हणतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटलं आणि ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आणले. लहान मुलांना ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी बंद करायच्या नाहीत. जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढरट होत असतील, लघवी बंद झाली असेल, डोळे खोल गेले असतील किंवा मूल मलूल पडलं असेल तर घरी थांबू नका. ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठा.

ग्रामपंचायतीला आणखी एक विचारा: आपल्या गावाला कार्ड कोणतं? पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. दर वर्षी साथ येणाऱ्या गावाचं कार्ड हिरवं असेल तर सर्वेक्षणाचा फॉर्म मागून घ्या आणि गळत्या, व्हॉल्व्ह यांच्या रकान्यांत काय लिहिलंय ते बघा.

उद्या पाणी सुटण्याच्या वेळेला जलसुरक्षकाला सोबत घेऊन जा. सोबत घेऊन, पकडायला म्हणून नाही. टाकीजवळची ओटी, शेवटच्या नळाची ओटी, आणि पुरवठा बंद झाल्यावर त्या नळाला तळहात लावून काय होतं, या तिन्ही गोष्टी इथे लिहा. व्हॉल्व्ह कुठे आहेत तेही कळवा, म्हणजे कुठून खणायला सुरुवात करायची ते सांगता येईल.