मुंबईतील सहल कंपनीने मोटरहोम भाड्याने देण्याच्या व्यवसायात उतरावे का?

उतरावे, परंतु एक-दोन मोटरहोमनी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांनी, आणि चालकासहित. बससहलींचा अनुभव असलेल्या कंपनीकडे ग्राहक, चालक आणि मार्गांची माहिती आधीच असते, हे तिचे खरे भांडवल आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशा राहत्या गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाचे, स्वतंत्र धोरण आणले असून त्यात गाड्यांबरोबरच कॅरॅव्हॅन पार्कचाही (या गाड्यांच्या मुक्कामाच्या तळांचाही) विचार आहे, आणि माझ्या मते या व्यवसायाचे भवितव्य गाडीपेक्षा पार्कवरच अधिक अवलंबून आहे. मोटरहोमला रात्री नुसती जागा पुरत नाही. वीजजोडणी, पिण्याचे पाणी आणि मुख्य म्हणजे शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय लागते, आणि ती नसेल तर ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून गणपतीपुळे, तारकर्ली किंवा महाबळेश्वर येथील निवासस्थानांशी मुक्कामाचे करार आधी करावेत, गाडी नंतर घ्यावी.

खासगी वापरासाठी नोंदवलेली, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. व्यावसायिक नोंदणी, परवाना आणि त्याच वापराचा विमा आवश्यक आहे. आतील बदल हौसेखातर गॅरेजमध्ये करून घेऊ नयेत, कारण मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वाहन उद्योगाचे मानक आहे आणि बदल त्यात बसावे लागतात.

मुंबईत गाडी उभी करण्याची जागा फार महाग पडते, त्यामुळे आगार पनवेल किंवा भिवंडीकडे ठेवणे सोयीचे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात मागणी राहील. पावसाळ्यात घाटरस्ते आणि कोकण लक्षात घेता गाड्या बहुधा उभ्याच राहतील, तेव्हा कर्जाचा हप्ता आठ महिन्यांच्या उत्पन्नावरच बेतावा.