हॉप्सची बीअर मुरवावी की ताजी प्यावी?

प्रश्न : माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. मार्चमध्ये येताना तिने कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील रशियन रिव्हर ब्रूइंग कंपनीच्या ‘प्लिनी द एल्डर’ या बीअरच्या दोन बाटल्या आणल्या. तिकडे या बीअरला फार मागणी असते म्हणे. या बाटल्या दिवाळीत सगळे जमल्यावर उघडाव्यात, असा विचार आहे. माझे एक स्नेही म्हणतात, की पूर्वी याच प्रकारची बीअर, म्हणजे आयपीए (इंडिया पेल एल), विलायतेहून महिनोन्‌महिने जहाजाने मुंबईस येत असे, त्यामुळे ठेवल्याने ती मुरेलच. हे खरे काय? आणि ती चाखावी कशी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दिवाळीपर्यंत थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. या बीअरचे सारे वैभव तिच्या गंधात आहे आणि तो गंध टिकाऊ नाही. बीअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या हॉप्स या वेलीच्या मादी फुलोऱ्यात, पाकळ्यांच्या बुडाशी, लुप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यात कडवटपणा देणारी आम्ले असतात, तशीच मर्सीन, लिनॅलूल यांसारखी सुगंधी द्रव्येही असतात. कडवटपणा हवा असेल तर हॉप्स बराच वेळ उकळावे लागतात, कारण उकळल्यावरच त्या आम्लांची रचना बदलून ती नीट विरघळतात. पण तेवढ्या वेळात सुगंध मात्र वाफेबरोबर निघून जातो. म्हणून रशियन रिव्हरचे व्हिनी सिलुर्झो यांनी २००० साली ही डबल आयपीए (म्हणजे जास्त हॉप्सची, जास्त कडक आयपीए) प्रथम केली, ती सिम्को, अमरिलो, सेंटेनियल अशा हॉप्सचा काही भाग उकळण्याच्या शेवटी आणि काही भाग आंबण्याची क्रिया उरकल्यावर थेट टाकीत घालून. या दुसऱ्या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात.

असा कमावलेला गंध बाटलीत राहिलेल्या अत्यल्प प्राणवायूनेही फिका पडत जातो. आधी पपनसाच्या सालीचा आणि चीडाच्या राळेचा ताजा वास उतरतो, मग माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) मधाळ गोडवा वर येतो आणि अखेरीस ओल्या पुठ्ठ्याची छटा जाणवू लागते. अशी बीअर प्यायल्याने अपाय होत नाही, पण जिच्यासाठी लोक वाट वाकडी करून सांता रोझाला जातात, ती ही राहत नाही. खुद्द उत्पादकानेही लेबलावर ती थंड ठेवा, ताजी प्या, साठवू नका, असे बजावून ठेवले आहे. बाटलीवर भरल्याची तारीख असते, ती अवश्य पाहावी. पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली फडताळात ठेवली असेल, तर आजच फ्रिजमध्ये उभी ठेवावी. उन्हात किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात तर मुळीच ठेवू नये, कारण प्रकाशाने हॉप्सच्या त्याच कडू द्रव्यांपासून गंधकयुक्त, उग्र दर्प तयार होतो.

आपल्या स्नेह्यांचा दाखला खोटा नाही, पण तो येथे लागू पडत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील लंडन आणि बर्टन येथून निघणारी पेल एल लाकडी पिंपांतून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास येत असे. तिच्यात हॉप्स भरपूर घालत ते मुख्यतः ती टिकावी म्हणून, कारण हॉप्समधील आम्ले अनेक जिवाणूंना वाढू देत नाहीत. प्रवासात ती निवळून, कोरडी होऊन पोचे आणि तोच तिचा गुण मानला जाई. फळांच्या ताज्या वासासाठी तिची ख्याती नव्हती.

आता चाखण्याविषयी. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी, कारण बर्फगार बीअरला वास येतच नाही. पेला तोंडाशी किंचित निमुळता असावा आणि साबणाचा वा तेलाचा अंश न राहील असा धुतलेला असावा, नाहीतर फेस धरत नाही. पेला निम्मा भरावा, हलकेच फिरवावा आणि घोट घेण्याआधी दोन-तीनदा हुंगावे. पहिला घोट जिभेला फक्त कडू लागेल, त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात क्षणभर घोळवून गिळावा आणि नाकाने श्वास सोडावा, म्हणजे संत्र्याची साल, राळ आणि त्यामागचा माल्टचा पुसट आधार वेगवेगळे कळू लागतात. या बीअरमध्ये गोडवा मुद्दाम कमी ठेवलेला आहे आणि मला तिची खरी कारागिरी तिथेच दिसते. कारल्याच्या भाजीत गूळ बेताचा असला तरच कारल्याची चव राहते, तसेच हे आहे. सोबत खारे दाणे किंवा साधा पाव पुरे. झणझणीत मिसळीबरोबर तिखट आणि कडू दोन्ही चढतात आणि गंध हरवतो.

मद्याचे प्रमाण ८ टक्के आहे, हे ध्यानात असावे. ५१० मिलिलिटरच्या एका बाटलीत ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बीअरच्या सुमारे अडीचपट मद्य असते. तेव्हा एक बाटली चौघांत वाटून घेणेच उत्तम.

प्रश्न : अमेरिकेतील व्हरमाँटच्या ‘हेडी टॉपर’ या बीअरच्या कॅनवर ती कॅनमधूनच प्या, असे छापले आहे. तसेच करावे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : द अल्केमिस्ट या ब्रूअरीचा हा आग्रह गंध आणि वायू उडून जाऊ नयेत म्हणून आहे. तरीही पहिल्यांदा चाखताना मी पेलाच सुचवेन, कारण कॅनच्या लहान तोंडातून नाकाला फारसे काही मिळत नाही. ही बीअर गाळलेली नसते, त्यामुळे पेल्यात ती गढूळ दिसली तर तो दोष समजू नये.